पडद्याच्या पुढची जागा

अंबुबाई : अहो, सगळा मंटप हसला विहीणबाईंना, आणि तुम्ही तबकातल्या सुपाऱ्या निवडत बसलात!

भगवंतराव : सगळा मंटप नाही हसला. पुढच्या दोन रांगा हसल्या.

अंबुबाई : त्या रांगांत आपलीच माणसं होती, म्हणून तर सांगते. व्याह्यांकडची माणसं मागे होती. ती हसली नाहीत. आपण काय करतो ते बघत होती.

(१९९८. कानडी मुलखात, जे. पी. नगरातलं एक कल्याण मंटप, म्हणजे मंगल कार्यालय, लग्नाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. सीमांतपूजन आत्ताच आटोपलंय. नवऱ्यामुलाच्या आईची मघाशी सगळ्यांसमोर फजिती झाली, आणि नवरीचे वडील भगवंतराव तेव्हापासून कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर येऊन बसलेत. त्यांना तिथून उठावंसं वाटत नाही.)

भगवंतराव : त्या हयवदनला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?

अंबुबाई : तो तुमच्याच भावाचा मुलगा. कंपनीच्या खर्चाने सारखा मुंबईला उडतो, तेही पुढच्या वर्गात. तो बोलल्याशिवाय राहतोय होय! विहीणबाई म्हणाल्या, विमानात बसल्याबरोबर गरम टॉवेल दिला, चिमट्याने धरून. हा म्हणतो, मावशी, तो टॉवेल बंद होऊन वर्ष झालं, आता ओल्या कागदाची पुडी मिळते. त्या म्हणाल्या, सोनेरी काठाच्या कपात चहा. हा म्हणतो, कप गेले, थर्माकोलचे पेले आले. त्या म्हणाल्या, वाटीत भाजलेले काजू...

भगवंतराव : पुरे. मी तिथेच होतो.

अंबुबाई : होतात ना? मग बोलायचं नाही काहीतरी? आपल्यातलंच कोण ते म्हणालं, 'विहीणबाई स्वप्नात उडून आल्या वाटतं!' अय्यो, त्यांचा चेहरा बघवेना मला. 'आमच्या विमानात होता हो टॉवेल,' एवढंच म्हणाल्या आणि पदर सारखा करत राहिल्या. सारखाच होता तो पदर.

भगवंतराव : आता झालं ते झालं. त्या विसरतील.

अंबुबाई : मुलाच्या लग्नात झालेलं बाई विसरते? तुमच्या आईला आपल्या लग्नात कुणी पाण्याचा तांब्या उशिरा दिला होता. शेवटपर्यंत त्या तांब्याचं नाव घेऊन गेल्या. आणि मला एक कळत नाही बघा. टॉवेल बंद झालाय, तर ह्यांना कुठून मिळाला? ठाण्याच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलेली बाई, उगाच बढाया मारायची नाही.

भगवंतराव : असेल एखाद्या विमानात.

अंबुबाई : आणि चिमटा. सोनेरी काठ. काजू. 'टॉवेल उलगडला की कोलनचा वास नाकात शिरतो आणि सगळा शीण जातो.' हे मी कुठे ऐकलंय?

भगवंतराव : लोक सगळे असंच बोलतात.

अंबुबाई : लोक नाही. तुम्ही! शब्द न् शब्द तुमचा आहे. ती नवी विमानं सुरू झाली तेव्हा बोम्मसंद्राच्या फॅक्टरीतून साहेब तुम्हाला ड्रॉइंग समजवायला मुंबईला घेऊन गेले, त्या वेळचं आहे हे. तेव्हापासून बारसं असो की बारावं, आपल्याकडे विमान उडाल्याशिवाय पान उठत नाही. कोट अडकवून ठेवणारी मुलगी, पाय लांब करून बसायची जागा, तो मेन्यूचा कागद. झोपेत विचारलंत तर मी सांगेन.

भगवंतराव : मग त्यांनी माझ्याकडून ऐकलं असेल. फोनवर.

अंबुबाई : ऐकलं असेल. पण जे मिळालंच नाही ते मिळालं म्हणून का सांगतील? तेही तुमच्याच शब्दांत? अहो.

भगवंतराव : काय.

अंबुबाई : तिकीट कुठलं काढलंत?

भगवंतराव : विमानाचं.

अंबुबाई : विमानाचं ते मला ठाऊक आहे. पडद्याच्या पुढचं की मागचं?

भगवंतराव : ...मागचं.

अंबुबाई : देवा रे.

भगवंतराव : ऐकून तरी घे. पुढचंच काढायला गेलो होतो, खरंच. तो एजंट म्हणाला, सार, आता त्यात काही राहिलं नाही. खुर्च्या त्याच. मधली एक रिकामी ठेवतात आणि भरमसाट घेतात. रांग आणखी घुसवलीय, गुडघे टेकतात पुढे. टॉवेल नाही, कप नाही, जेवण नाही, पुढच्यांनाही तोच पुठ्ठ्याचा डबा. मध्ये फक्त पडदा. तोही सरकता, जितकी तिकिटं खपली तितका मागेपुढे करतात. पडद्याला कोण पैसे देतो, तूच सांग.

अंबुबाई : सरी, ठीक आहे. मग तसं विहीणबाईंना सांगायचं होतं. 'विहीणबाई, पुढचा वर्ग आता नावाला उरलाय, मागे बसून या.' त्या तर पहिल्यापासून म्हणत होत्या की सगळ्यांबरोबर रेल्वेने येते.

भगवंतराव : बैठकीत बोलून बसलो होतो. सगळ्यांसमोर. 'आमच्या विहीणबाई विमानाने येणार, आणि तेही पुढच्या वर्गात.' टाळ्या वाजल्या होत्या.

अंबुबाई : आणि वाचले ते पैसे कुठे गेले?

भगवंतराव : नादस्वरवाले बोलावले.

अंबुबाई : म्हणजे बाहेर हे जे मघापासून गाल फुगवून फुंकतायत, ते विहीणबाईंचं तिकीट आहे?

भगवंतराव : हळू बोल.

अंबुबाई : हळूच बोलतेय, तुमची अब्रू आहे म्हणून. विमानातला मान कुणाला दिसणार? चार पाहुण्यांना थोडाच दिसणार! नादस्वर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. होय ना?

भगवंतराव : होय.

अंबुबाई : आणि त्यांना कळणार नाही असं वाटलं तुम्हाला?

भगवंतराव : पहिल्यांदाच बसणार होत्या विमानात. म्हटलं, त्यांना काय कळणार.

अंबुबाई : हे असं तोंडाने म्हणून बघितलं होतंत का, कधी?

भगवंतराव : नाही. आत्ताच म्हणालो. ऐकवत नाही.

अंबुबाई : तुमची लाज झाकायला ती बाई तिथे तोंडघशी पडली, आणि तुम्ही मूग गिळून बसलात. मला तिकिटाचं काही नाही हो. चूक होते माणसाकडून. पण ती हसू झेलत होती तेव्हा तुम्ही सुपाऱ्या निवडत होता, ते मला लागलं.

भगवंतराव : जीभच उचलली नाही गं. मला वाटलं, आता बोललो तर सगळं उघडं पडेल. नाही बोललो तर निभावेल. आणि निभावलं म्हणून, खरं सांगतो, क्षणभर बरंसुद्धा वाटलं. त्याचीच लाज जास्त वाटतेय.

अंबुबाई : उद्या मला त्यांचे पाय धुवायचेत. चांदीचं ताम्हण मी आज दुपारी चिंच लावून घासलं. मनात हे असं ठेवून माझ्याने त्या पायांवर पाणी घालवणार नाही. जा, उठा.

भगवंतराव : तू येतेस बरोबर?

अंबुबाई : बेडा, मी नाही येत. तिकीट काढायला एकटे गेला होता ना? आताही एकटेच जा.

(वऱ्हाडाला दिलेल्या वरच्या मजल्यावर विहीणबाईंची, सुनंदाबाईंची खोली. तिथे पोचायला भगवंतरावांना हवा त्याहून बराच वेळ लागलाय. वाटेत ते आणखी एका दाराशी थांबले होते.)

सुनंदाबाई : या ना भगवंतराव. दार उघडंच आहे. बसा.

भगवंतराव : उभाच बरा आहे मी. तुमच्या नणंदबाई?

सुनंदाबाई : वन्सं खाली कॉफी प्यायला गेल्यात. तुमच्याकडची कॉफी फार आवडली त्यांना.

भगवंतराव : पाणी गरम येतंय ना? उशा वगैरे?

सुनंदाबाई : सगळं आहे. काही कमी नाही.

भगवंतराव : विहीणबाई, त्या टॉवेलचं...

सुनंदाबाई : टॉवेलही दिलेत की, हे काय चांगले जाड.

भगवंतराव : हा टॉवेल नव्हे. विमानातला.

सुनंदाबाई : ...दार जरा लोटून घ्या.

भगवंतराव : मी मागचं तिकीट काढलं होतं. तुम्हाला पुढचं सांगून.

सुनंदाबाई : ठाऊक आहे मला.

भगवंतराव : कधी कळलं? डबा आला तेव्हा?

सुनंदाबाई : डबा यायच्या कितीतरी आधी. तुम्ही फोनवर काय सांगितलं होतंत, आठवतं? 'शिरलात की समोरच पहिली रांग. कुणाला विचारूसुद्धा नका, सरळ बसा. पुढच्या वर्गात कुणी काही विचारत नाही.'

भगवंतराव : अरे देवा. ते मी तिकीट काढायच्या आधी सांगितलं होतं.

सुनंदाबाई : आणि काढल्यावर?

भगवंतराव : बदलून सांगायचं धाडस झालं नाही.

सुनंदाबाई : आम्ही दोघी बसलो सरळ. वन्संना खिडकी दिली. त्यांनी पट्टासुद्धा बांधून टाकला, मोठ्या हौसेने. मी हात असे मांडीवर ठेवून टॉवेलची वाट बघत होते. हसू नका.

भगवंतराव : हसत नाहीये हो मी.

सुनंदाबाई : मग एक कोटवाले गृहस्थ आले. आमच्याकडे बघत उभे राहिले. ती विमानातली मुलगी आली, तिने आमचे पासाचे कागद बघितले आणि गोड हसून म्हणाली, तुमची जागा मागे आहे. मी म्हटलं, नाही बाई, आमच्या व्याह्यांनी पुढची काढलीय. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं ना, तेव्हा ती हसायची थांबली. तिला माझी कीव आली होती.

भगवंतराव : विहीणबाई...

सुनंदाबाई : ऐका आता, आलाच आहात तर. वन्संचा पट्टा सुटेना. मागून माणसं चढतायत, वाट अडलीय, आणि ती मुलगी वाकून वन्संचा पट्टा सोडवतेय. ते कोटवाले घड्याळ बघतायत. आम्ही उठलो आणि येणाऱ्या लोकांच्या उलट दिशेने, 'सॉरी, सॉरी' करत मागे गेलो. पार पंखाच्याही मागे.

भगवंतराव : मला वाटलं होतं, नुसता एक पडदाच तर आहे.

सुनंदाबाई : पडदाच होता. तुमचं खोटं नव्हतं त्यात. त्याची एक कडी निसटली होती, म्हणून तो पुरता बंदही होत नव्हता. मला फटीतून दिसत होतं. पुढे तोच पुठ्ठ्याचा डबा दिला. तेच गार सँडविच. त्या कोटवाल्यांनी उघडलं, बघितलं आणि मिटून ठेवलं. तुम्ही मला आधी म्हणाला असतात ना, 'विहीणबाई, पुढे आता काही उरलं नाही, मागेच बसा,' तर मी हसत मागे जाऊन बसले असते. मला कुठे हवा होता टॉवेल? मी आयुष्यभर एस. टी.ने फिरलेली बाई.

भगवंतराव : चुकलो मी.

सुनंदाबाई : आपल्यात पाटावर बसलेल्या माणसाला उठवत नाहीत, भगवंतराव. भिकारी जरी येऊन बसला तरी त्याचं जेवण होईस्तोवर थांबतात. आणि मी तर मुलाची आई होते, तुमच्या सांगण्यावरून बसले होते. मला उठवलं. डब्याचं नाही मला काही. तेवढं एक अजून सलतंय.

भगवंतराव : मग तुम्ही खाली सगळ्यांसमोर ते का सांगितलंत? टॉवेल, कप, काजू?

सुनंदाबाई : तुमच्याकडच्या बायकांनी विचारलं, कसं होतं विमान? आणि दिव्यश्री दाराशी उभी होती. इतक्या आशेने बघत होती माझ्या तोंडाकडे. ती उद्यापासून आमच्या घरची. तिच्या बापाने फसवलं, ह्या वाक्यावर तिचा गृहप्रवेश करू? पोटच्या मुलाला, पद्मनाभलासुद्धा सांगितलं नाही मी. वन्संना तर शपथ घातलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून तुम्हीच सांगितलेलं सगळं तुम्हालाच वाढलं. मला काय ठाऊक, तुमचं ते सगळं शिळं झालंय म्हणून!

भगवंतराव : पाच वर्षांचं शिळं. मलाही एजंटने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी आपला अजून तेच वाढत होतो लोकांना.

सुनंदाबाई : तुमचा तो पुतण्या बोलायला लागला, तेव्हा मला वाटलं, आता भगवंतराव सावरून घेतील. काहीही म्हणतील. 'पुरे रे' म्हटलं असतंत तरी चाललं असतं. मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा.

भगवंतराव : मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. खाली जाऊन सगळ्यांना सांगतो आता, तिकीट मागचं होतं म्हणून.

सुनंदाबाई : आणि मी काय ठरेन? मघाशी बढाईखोर ठरले, आता खोटारडी ठरेन. वर दिव्यश्रीची मान खाली जाईल ती वेगळीच.

भगवंतराव : दिव्यश्रीला सांगून आलोय मी.

सुनंदाबाई : काय?

भगवंतराव : इथे येतानाच. आधी तिच्या दाराशी गेलो. म्हटलं, तुमच्या तोंडून नको, दुसऱ्या कुणाच्याही नको, माझ्याच तोंडून कळू दे.

सुनंदाबाई : अहो, लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीला कशाला ते! काय म्हणाली?

भगवंतराव : हाताची मेंदी ओली होती, म्हणून डोळे पुसता येईनात तिला. मी पुसायला गेलो तर तोंड वळवलं. म्हणाली, 'अण्णा, मी त्यांच्याकडे बघून हसले होते हो. टॉवेलवर सगळे हसले तेव्हा, मीसुद्धा.' मग म्हणाली, 'माझ्याशी काय बोलताय? आधी त्यांच्याकडे जा.'

सुनंदाबाई : हसली होती होय. मला नव्हतं दिसलं.

भगवंतराव : तिचं ते हसणंसुद्धा माझ्याच खात्यावर आहे, विहीणबाई. तिला बोल लावू नका.

सुनंदाबाई : वेडे आहात. पोर आहे ती, सगळे हसले म्हणून हसली. तिला कशाला बोल लावीन?

हयवदन : मे आय कम इन? काका, तुम्ही इथे? खाली काकू विचारतेय, गेले का वर म्हणून. मावशी, उद्याच्या खुर्च्यांचं फायनल करायला आलो होतो. आणि तुम्हाला काही हवंय? एखादा गरम टॉवेल वगैरे?

भगवंतराव : हयवदन, ती थट्टा बंद.

हयवदन : अहो काका, गंमत केली. मावशी स्पोर्टिंग आहेत. मी तर म्हणतो, त्या एअरलाइनला पत्र लिहायला पाहिजे, मावशींना देता आणि आम्हाला का नाही! स्वल्प लाज वाटू दे त्यांना.

भगवंतराव : लाज त्यांना नको. टॉवेल नव्हताच. तिकीट मागचं होतं. मी काढलं होतं, ह्यांना पुढचं आहे म्हणून सांगून.

सुनंदाबाई : भगवंतराव, अहो कशाला...

भगवंतराव : बोलू द्या. हयवदन, ह्या जाऊन पुढे बसल्या, कारण मी तसं सांगितलं होतं. आणि ह्यांना तिथून उठवलं. मघाशी खाली जे सांगितलं ते ह्यांचं नव्हतं, माझंच जुनं होतं. माझी अब्रू राहावी म्हणून सांगितलं. तू हसलास, लोक हसले, आणि मी ऐकत बसलो. बोल की आता.

हयवदन : मावशी, मला खरंच... मी आपलं सारखं जातो ना, तेच तेच कुरकुरत असतो. टॉवेल गेला, कप गेले. ऑफिसमध्ये पण रोज हेच. तोंडातून निघून गेलं. तुम्हाला काय वाटलं असेल ते...

सुनंदाबाई : तुला काय ठाऊक, बाबा. तू खरं तेच बोललास. तिथे खरं बोलणारा तू एकटाच होतास.

हयवदन : खाली मी काय सांगू? 'मलाच नीट माहीत नव्हतं, काही विमानांत अजून देतात' म्हणून टाकू?

भगवंतराव : नको. आणखी खोटं नको. कुणी विचारलं तर सांग, काकांनी मागचं तिकीट काढलं आणि विहीणबाईंनी त्यांना सांभाळून घेतलं. आणि ते नादस्वरवाले अजून फुंकतायत ना? त्यांना म्हणावं, पुरे आता, जेवून घ्या.

सुनंदाबाई : राहू द्या हो. छान वाजवतायत.

भगवंतराव : तुमच्याच तिकिटाचे आहेत ते.

सुनंदाबाई : काय म्हणता! मग तर मुळीच थांबवू नका. निदान ते तरी ऐकते.

हयवदन : मावशी, उद्या पाय धुवायच्या वेळी तुमची खुर्ची मी स्वतः मांडणार. अगदी पुढे, पहिल्या रांगेच्याही पुढे. ती लाल मखमलीची आहे ना, ती. सगळ्यांना दिसेल अशी.

सुनंदाबाई : कुठेही मांड रे. मागे मांडलीस तरी चालेल. एकदा बसले की उठवू नका, म्हणजे झालं.